पहिला लेअर कुठून?

डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये चढणाऱ्या बाईला ठाण्यापर्यंत बसायला मिळत नाही, आणि उभ्या बाईला डब्यात दिसतात ती फक्त डोकी. गेल्या चौदा वर्षांत मी इतकी डोकी मागून पाहिली आहेत की चेहऱ्यापेक्षा अंबाड्यावरून मला बायका पटकन ओळखता येतात. तर या जूनमध्ये अगदी पुढ्यात एक डोकं आलं. केस खांद्याखाली गेलेले, पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेले, दारातल्या वाऱ्याने उडायचे आणि पुन्हा आपापल्या जागी येऊन बसायचे. माझे केस उडाले की शेजारणीच्या तोंडात जातात.

तेव्हापासून असे पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले केस, म्हणजे लेअर्स, माझ्या डोक्यात आहेत. डोक्यावर यायचे बाकी आहेत.

माझे केस कमरेच्या चार बोटं वर थांबतात. बाळंतपणानंतर निम्मे गळाले ते परत आले नाहीत. वेणी घातली तर वर अंगठ्याएवढी आणि खाली उंदराचं शेपूट. आजवर पार्लरमध्ये जाऊन मी एकच वाक्य बोलत आले, "फक्त फाटे फुटलेत तेवढे काढा." केसांना फुटतात त्याहून जास्त फाटे मी विषयाला फोडते, असं आमच्याकडे म्हणतात. ते खोटं नाही.

सोसायटीच्या तळमजल्यावर पार्लर आहे. ताईंना विचारलं, मला लेअर्स चांगले दिसतील का? त्यांनी उत्तर न देता विचारलं, "पहिला लेअर कुठून घेऊ?" मी धिटाईने बोट हनुवटीवर ठेवलं. त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं. बोट आपोआप खांद्यावर आलं.

मग त्यांनी समजावलं. बटा वर उचलून धरायच्या आणि कापायच्या. सोडल्या की वरच्या आखूड, खालच्या लांब. आखूड केसांचं वजन कमी, त्यामुळे ते मुळाशी जरा उचलले जातात आणि डोकं भरल्यासारखं वाटतं. हे वरचं. खाली, जिथे आधीच दुष्काळ, तिथे आणखी विरळ. म्हणजे ऐवज तेवढाच, वाटणी वेगळी. शिवाय माझे केस किंचित कुरळे. ओले असताना खांद्यावर कापलेली बट सुकली की दोन बोटं वर चढणार, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत तर ती कुठे जाऊन थांबेल ते तीच जाणे. बोट खांद्यावरून आणखी थोडं खाली सरकलं.

घरी येऊन हिशेब मांडला. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, वर्षाला पंधरा. हनुवटीपाशी कापलेली बट आणि माझी आत्ताची लांबी यांत तीस सेंटिमीटरचं अंतर. म्हणजे पस्तावले तर दोन वर्षं. पण खालचे केस तोवर स्वस्थ थोडेच बसणार? तेही वाढणार. ससा झोपला तर कासव जिंकेल, आणि इथे सशाला दर तीन महिन्यांनी पार्लरमध्ये नेऊन झोपवावं लागणार. लांबीसाठी केस कापत राहायचे, हे गणित मला रात्री साडेअकराला पटलं आणि सकाळी पटेना.

नवऱ्याला विचारलं. "छान दिसेल."

"काय छान दिसेल?"

"जे करशील ते."

आईने फोनवर आधी एकादशी कधी आहे ते सांगितलं, मग म्हणाली, "वेणी येईल ना घालता?" हा प्रश्न मात्र खरा. लेअर केलेल्या केसांची वेणी घातली की पेडांतून टोकं बाहेर डोकावतात, उसवलेल्या सुतळीसारखी. आमच्यात केस कसेही कापा, पण बांधता आले पाहिजेत, ही अट कुणी न घालता पाळली जाते.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी साधना कट होता." साधना या नटीचं कपाळ मोठं म्हणून १९६०च्या एका सिनेमात ते बटांनी झाकलं, आणि मग देशभरातल्या छोट्या कपाळाच्या मुलींनीही आपापली कपाळं झाकून घेतली. सासूबाई त्यातल्याच. न्हाणीघरात, शिवणाच्या कात्रीने. वडिलांनी आठ दिवस अबोला धरला, शाळेत बाईंनी सगळ्या बटा पिना लावून मागे घ्यायला लावल्या. "पण दिसत होतं हो छान," असं म्हणून त्यांनी पंचाहत्तराव्या वर्षी कपाळावरून हात फिरवला. मग एकदम सावध होऊन, "तू मात्र पुढच्या बटा लांब ठेव. फोडणी देताना डोळ्यांवर येतात."

काल गाडीत पिना-क्लचर विकणारी आली. कांजूरपर्यंत बसायला जागा मिळाली होती, धीर आला. तिलाच विचारलं. रोज एवढ्या बायकांची डोकी बघणारं माझ्याखेरीज दुसरं कोण आहे?

"आधी क्लचर काढा," ती म्हणाली. काढलं. केस मोकळे होताच शेजारची ओरडली, "अहो, केस सांभाळा!" विक्रेतीने शांतपणे माझं डोकं पाहिलं, दोन बोटांनी खालची टोकं चाचपली.

"करा की. पण टिकटॉक पिना आत्ताच घेऊन ठेवा. सुरुवातीला लागतात. सगळ्याच परत येतात माझ्याकडे."

बारा पिनांचं कार्ड घेतलं. ते आता आरशाच्या खणात आहे. शनिवारी साडेपाचची वेळ ठरलीय. बोट सध्या गळ्याच्या हाडाखाली आहे.