कापड घरून नेलं होतं

"घरीच वापरणार ना मॅडम? मग एवढं काय तपासताय?" ठाण्यातल्या जांभळी नाक्याजवळच्या शिलाई मशीनच्या दुकानातला सेल्समन.

त्यानं दाखवायला कडक सुती कापड घेतलेलं. त्यावर कुठलंही शिलाई मशीन छानच टीप मारतं! मी पिशवीतून जुन्या जीन्सचा पाय आणि टी-शर्टचा तुकडा काढला. जीन्सच्या जाड शिवणीवर सुई अडली. टी-शर्टवर टाके सुटले. (होजिअरीला, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला, गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लागते, ती मागितली तर त्याचा चेहराच पडला.) बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा दोरा वर दिसत होता, म्हणजे वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) जास्त. "ऑइलिंग केलं की बसेल," तो म्हणाला.

शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "तो जीन्सचा तुकडा जरा मला द्या हो."

गाडीची टेस्ट ड्राइव्ह मागणाऱ्याला कुणी हसत नाही. मग मशीन चालवून बघणारी बाईच चिकित्सक कशी?