दारातल्या पिशवीत सापडलेली एबेल

भोसरीतल्या एका पॅकिंग मशीनचं कंट्रोल कार्ड दुरुस्तीला आलं. संशय एकाच चिपवर होता. गॅल १६व्ही८, म्हणजे आत हवं ते लॉजिक भरता येणारी चिप, वीस पिनांची, सॉकेटमध्ये बसवलेली. कार्डावर साल होतं १९९४. या चिपमधला प्रोग्रॅम वीस वर्षं टिकेल असं डेटाशीट सांगतं. ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. मशीन मधूनच सील न मारता थांबायचं. चिप वाचून नक्कल काढावी म्हटलं, तर वाचन अडवणारं सिक्युरिटी बिट लावलेलं. आतलं काहीच वाचता येईना.

कोरी चिप ही अडचण नव्हती. लॅटिस कंपनीची गॅल बंद झाली तरी तिच्या जागी जशीच्या तशी बसणारी एटीएफ १६व्ही८ अजून मिळते. अडचण होती तिच्यात भरायचं काय याची. तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, पॅनेलच्या दाराला एक पिशवी आहे, तिच्यात काहीतरी जुने कागद आहेत बघा."

डॉट मॅट्रिक्सवर छापलेली ती चार पानं एबेलची लिस्टिंग, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅमची छापील प्रत होती. रेडमंड, वॉशिंग्टन इथल्या डेटा आय/ओ कंपनीने १९८३ मध्ये आणलेली ही अशा चिपांचं लॉजिक लिहायची भाषा. त्याआधी मोनोलिथिक मेमरीज कंपनीची पालॅझम होती. तिच्यात समीकरणं लिहिता यायची, पण स्टेट डायग्रॅम आणि ट्रूथ टेबल सरळ भाषेतच लिहायची सोय एबेलने दिली. & म्हणजे अँड, # म्हणजे ऑर, ! म्हणजे नॉट. साधं = लिहिलं की आउटपुट लगेच बदलतं, := लिहिलं की क्लॉकच्या पुढच्या ठोक्याची वाट बघतं. हा कोलन टाइप करताना सुटला तर स्थिती धरून ठेवणारा फ्लिपफ्लॉपच नाहीसा होतो, म्हणून मी प्रत्येक ओळ दोनदा ताडून पाहिली.

कंपायलर डॉसचा. माझ्या जुन्या फ्लॉप्यांपैकी एक सुदैवाने वाचता आली आणि डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तो चालला. पंचाईत एकाच ओळीची होती. कागद जिथे दुमडला होता तिथे शाई उडाली होती, आणि नेमकी त्याच घडीवर तीन स्टेट्सची, म्हणजे मशीनच्या तीन अवस्थांची व्याख्या होती. प्रत्येकीला दोन आकडे, दोन आउटपुट पिनांसाठी: १ म्हणजे हाय, ० म्हणजे लो. सील म्हणजे १०, कट म्हणजे ०१, एवढं दिसत होतं. आयडलपुढचे दोन आकडे गेले होते. काही चालू नाही म्हणजे शून्य, असं मानून मी ०० टाकलं.

कंपाइल एका झटक्यात झालं. लिस्टिंगच्या शेवटी २३ टेस्ट व्हेक्टर होते. हे इनपुट दिलं तर हे आउटपुट आलं पाहिजे, असा एकेक ओळीचा तपास. सिम्युलेशनमध्ये २२ पास झाले. फक्त पहिला फेल, तोही क्लॉक द्यायच्या आधीचा. अपेक्षा दोन्ही पिना लो, मिळाल्या दोन्ही हाय.

बावीस पास झालेत, पहिला सोडून द्यावा, असं मनात आलं होतं हे खरं. पण ज्या माणसाने क्लॉकच्या आधीची स्थितीसुद्धा तपासायला लावली, त्याने ती ओळ उगाच लिहिली नसणार. डेटाशीट पुन्हा काढलं. पॉवर आल्यावर या चिपमधले सगळे रजिस्टर, म्हणजे तेच फ्लिपफ्लॉप, शून्य होतात, पण पिनेच्या आधी ० चं १ करणारा एक इन्व्हर्टर आहे. त्यामुळे रजिस्टरवाल्या पिना सुरुवातीला नेहमी हायच असतात, पोलॅरिटी काहीही ठेवा. म्हणजे मशीन सुरू होताना स्टेट ११ असणारच.

मग कार्डावरच्या ट्रॅकचा माग काढत गेलो. दोन्ही पिना एकेक ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा सुटा भाग, चालवत होत्या. पिन लो झाली की पुढचा व्हॉल्व्ह चालू. माझ्या ०० चा अर्थ होता, मशीन नुसतं उभं असताना सीलिंगचा जबडा आणि सुरी दोन्ही एकदम चालू. आणि बाकीचे बावीस व्हेक्टर हे पकडू शकले नसते, कारण त्यांत आयडल हे नावच लिहिलेलं होतं. नावाचा अर्थ मी बदलला की तेही निमूट बदलत होते. ऑपरेटरची बोटं फिल्म लावताना कुठे असतात ते मी त्या मशीनवर पाहिलं होतं. तो कागद तसाच हातात धरून मी बराच वेळ बसलो.

आयडल = ११ केलं. २३ पैकी २३ पास.

लिस्टिंगमध्ये उरलेल्या ०० स्टेटसाठी मात्र काहीच नव्हतं. व्होल्टेजच्या झटक्याने चिप चुकून तिथे गेली तर दोन्ही व्हॉल्व्ह चालू ठेवून ती तिथेच अडकली असती. तिथून परत आयडलला आणणारी एक ओळ मी वाढवली. मूळ कामात हात घालताना संकोच वाटला, पण ही ओळ हवीच होती. मग चिपमध्ये भरायची २१९४ फ्यूजची जेडेक फाइल तयार झाली. व्हेक्टर त्या फाइलमध्येच जातात, म्हणून ते खऱ्या चिपवर चालवून बघणारा जुना प्रोग्रामर, म्हणजे चिप भरायचं यंत्र, एका मित्राकडून मागून आणला. हवेचा पुरवठा बंद ठेवून चिप बसवली, मीटरने दोन्ही पिना पाहिल्या, आणि मगच हवा सोडली. संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही अडखळलं नाही.

दोन चिपा जास्तीच्या भरल्या, सिक्युरिटी बिट न लावता. नवीन लिस्टिंग लेझरवर छापली, आयडलच्या ओळीशेजारी कॉमेंटमध्ये ११ च का ते लिहिलं, आणि जुन्या चार पानांसकट न दुमडता त्याच पिशवीत ठेवली.