कारियेच्या कोपऱ्यातला राजपुत्र

इस्तंबूलला दोन सकाळी मी एका घराण्यातल्या भाऊबंदकीमागे घालवल्या. बरोबरची मंडळी बाजारात गेली होती, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं.

पहिली सकाळ आयासोफियाची, म्हणजे एकेकाळच्या थोरल्या चर्चची, आताच्या मशिदीची. पंचवीस युरोंचं तिकीट (पोटात गोळाच आला) काढून वरच्या सज्जात गेलो. दक्षिणेच्या भिंतीवर सोनेरी मोझेइक आहे. मधे बाळाला घेतलेली मेरी, एका बाजूला बायझंटाईन सम्राट योआनिस दुसरा, हातात दानाची थैली, आणि दुसऱ्या बाजूला त्याची हंगेरियन राणी इरिनी. हा योआनिस 1118 मध्ये गादीवर बसला तेव्हा आई आणि बहीण अ‍ॅना त्याच्या विरोधात होत्या. त्यांना अ‍ॅनाचा नवरा सम्राट व्हायला हवा होता. त्या धामधुमीत योआनिसच्या पाठीशी उभा राहिला त्याचा धाकटा भाऊ, इसाक कोम्नेनोस. सम्राटाने त्याला ‘सेवास्तोक्रातोर’ हा मोठा किताब दिला. पण इसाकला किताब नको होता, गादी हवी होती.

1130 मध्ये सम्राट मोहिमेवर असताना कट उघडकीला आला आणि इसाक मुलाला घेऊन पळाला. पुढची वणवण नकाशावर बोट फिरवत वाचण्यासारखी आहे: दानिश्मेंद तुर्कांचा अमीर, मग ट्रेबिझोंद, कोन्याचा सुलतान मसूद, किलिकियातला आर्मेनियन अधिपती लेओ. भावाच्या प्रत्येक शत्रूचं दार त्याने ठोठावलं. कुठेच सैन्य हाती लागलं नाही. 1138 मध्ये मुकाट्याने परतला, भावाने माफही केलं. वर्षभरातच पुन्हा संशय, आणि काळ्या समुद्राकाठच्या हेराक्लियाला हद्दपारी.

मुलाची गोष्ट तर आणखी भारी. तुर्कांच्या निक्सार शहराच्या वेढ्यात सम्राटाने या पुतण्याला सांगितलं, तुझा घोडा त्या लॅटिन (म्हणजे पश्चिम युरोपातल्या) सरदाराला दे. पुतण्याचं डोकं फिरलं. तो थेट तुर्कांना जाऊन मिळाला, मुसलमान झाला आणि सुलतानाचा जावई बनला.

दुसऱ्या सकाळी बसने एदिर्नेकापी. जुन्या तटाजवळच्या उताराच्या गल्लीत कारिये, म्हणजे जुना खोरा मठ. 2024 पासून इथे पुन्हा मशीद आहे, पण ओसरीतली मोझेइकं पाहता येतात. आतल्या ओसरीत उजवीकडे ख्रिस्त आणि मेरीचं भलंमोठं चित्र आहे. खालचा बराच भाग गळून गेलाय. डावीकडे, मेरीच्या पायाशी, गुडघे टेकलेला एक छोटा माणूस. हाच इसाक. शेजारी ग्रीक अक्षरं: परमोच्च सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोस यांचा पुत्र, जांभळ्या महालात (म्हणजे बाप गादीवर असताना) जन्मलेला इसाकिओस.

बापाचं नाव आहे, भावाचं नाही! तिथे उभ्या उभ्या मला हसू आलं.

खरं तर हे मोझेइक इसाकनंतर जवळजवळ दोन शतकांनी, थिओडोर मेटोखितीस या बायझंटाईन मंत्र्याने मठाचा जीर्णोद्धार केला तेव्हाचं. इसाकने इथे स्वतःची कबर बांधवून घेतली होती. म्हातारपणी विचार बदलला. 1152 मध्ये त्याने थ्रेसमध्ये, आजच्या ग्रीसमधल्या फेरेसला, मठ काढला आणि कबर तिकडे हलवायला लिहून ठेवलं. मात्र तरुणपणी, पोरवयाच्या मिजाशीत काढवून घेतलेलं आपलं चित्र खोरातच राहू द्या, असंही बजावलं. दोन सम्राटांच्या अमलात गादीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचं हे वाक्य मला फार आवडतं. गादी मिळाली ती त्याच्या दुसऱ्या मुलाला, अँद्रोनिकोसला, 1183 मध्ये. दोनच वर्षांत राजधानीच्या जमावाने त्याचे हाल हाल करून जीव घेतला.

माझ्यासमोर एका जोडप्याने ख्रिस्ताचा फोटो काढला, कोपरा सोडून. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. रात्री हॉटेलवर फोन उघडून पाहिला, तर माझ्या पहिल्या चारही फोटोंत इसाक अर्धाच आलाय.