आत्या, ओझर आणि स्टॉल

आज आत्याला नाशिकच्या ओझर विमानतळावर सोडायला गेलो. फ्लाइट लेट. पिशवीतून जॉन नॅन्सची कादंबरी काढली. हा बाबा स्वतः एअरलाइन पायलट, शिवाय अमेरिकेत टीव्हीवर विमान अपघातांवर बोलणारा. त्यामुळे थरार भरपूर, फेकाफेकी कमी.

त्यात विमानाच्या 'स्टॉल'बद्दल वाचलं. 'स्टॉल' म्हणजे इंजिन बंद पडणं, असंच मी इतकी वर्षं समजत होतो! इंजिन व्यवस्थित चालू असतं; समोरून येणाऱ्या हवेच्या मानानं पंख फार तिरपे झाले की हवा त्यांना सोडून जाते आणि विमान पेलवत नाही. उपाय? नाक खाली. जमीन जवळ दिसत असताना नाक खाली करायचं, विचार करा!

आत्याला हे उत्साहानं सांगितलं.

"मेल्या, मला आत्ता विमानात बसायचंय!"

गुपचूप कोंडाजीचा चिवडा पुढे केला.