तुम्ही विचारलंत म्हणून: नापास झाल्यावर वेगळं काय वाचलं?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. बहुतेक वेळा रात्री अकरानंतर येतो, आणि विचारणारी पहिल्या दोन ओळींत तीनदा सॉरी म्हणते. एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्सचं लायसन मिळवायला द्यावी लागते ती परीक्षा, मी पहिल्या खेपेला नापास झाले आणि दुसऱ्या खेपेला पास. मधे अकरा आठवडे गेले. त्या अकरा आठवड्यांत वेगळं काय वाचलं, असं विचारलंत तर काहीच नाही. पुस्तकं तीच, प्रश्नसंचही तोच. हे ऐकून समोरची हिरमुसते, कारण तिला पुस्तकाचं नाव हवं असतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी नापास कशी झाले ते. ८५व्या प्रश्नानंतर स्क्रीन बंद झाली आणि मी हवेत तरंगत बाहेर आले. ‘८५ला बंद झालं म्हणजे पास’ हे आमच्यात सगळ्यांना पाठ होतं. मला परीक्षेची पद्धतही माहीत होती. प्रत्येक उत्तरानंतर कॉम्प्युटर तुमचा अंदाज बांधतो आणि त्यावरून पुढचा प्रश्न निवडतो. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची त्याला ९५ टक्के खात्री पटली की तो थांबतो. यातला ‘की खाली’ हा भाग मी सोयीस्कर विसरले होते. माझ्याबद्दल त्याची खात्री लवकर पटली होती, एवढाच त्याचा अर्थ.

मी मात्र निकालाआधीच घरभर सांगून टाकलं होतं. मग सगळ्यांना उलटं सांगायची पाळी आली. ते काम नवऱ्याने केलं. मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकत होते, आणि प्रत्येक फोनवर तो आवाज थोडा खाली आणून ‘अगदी थोडक्यात गेलं’ म्हणत होता. थोडक्यात काही गेलं नव्हतं. थोडक्यात जाणाऱ्याचं मशीन १५०पर्यंत चालतं.

नापास झालेल्याला मार्क मिळत नाहीत. एक रिपोर्ट येतो. त्यात आठ विभाग असतात आणि प्रत्येकासमोर पासच्या पातळीच्या वर, जवळपास किंवा खाली यांपैकी एक शेरा. मी तो चार दिवस उघडला नाही. उघडला तेव्हा औषधांच्या विभागासमोर ‘जवळपास’ होतं, आणि केअर मॅनेजमेंटच्या समोर ‘खाली’. तीन महिने मी औषधांचे तक्ते भिंतीवर चिकटवून झोपले होते. केअर मॅनेजमेंट म्हणजे कोणत्या पेशंटकडे आधी जायचं, कोणतं काम कोणाला द्यायचं, हक्क, संमती वगैरे. त्याचं पुस्तक मी एकदा चाळलं होतं, कारण ‘हे तर आपण रोजच करतो’. परीक्षेच्या २०२३च्या आराखड्यात या एकट्या विभागाला १५ ते २१ टक्के प्रश्न होते, सगळ्यांत जास्त. नापास झालेल्या मुलींना मी पहिलं हेच विचारते, की रिपोर्ट उघडलास का? निम्म्या जणींनी नवीन क्लास लावलेला असतो आणि रिपोर्ट तसाच पडलेला असतो.

पुन्हा बसायला निदान ४५ दिवस थांबावं लागतं. वर्षातून जास्तीत जास्त आठ वेळा बसता येतं, शिवाय त्या त्या राज्याच्या बोर्डाचे नियम वेगळे, ते आपापले बघावे. बऱ्याच जणी ४६व्या दिवसाची तारीख घ्यायला धावतात. मीही धावणार होते, पण आमच्या इनचार्ज सिस्टरनी अडवलं.

त्यांनी कधी ही परीक्षा दिलेली नाही, द्यायची गरजही नव्हती. नाइटला जरा निवांत मिळालं तेव्हा मला म्हणाल्या, “एक प्रश्न वाचून दाखव गं.” मी वाचायला लागले. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत हे मान्य करूनच तिथे बसावं लागतं, म्हणून त्याच धर्तीचा एक माझ्या मनाने रचून सांगते. चार पेशंट आहेत. एक सीओपीडीचे, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे आजोबा, नळीने ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन ९०. दुसरी बाई, थायरॉइडचं ऑपरेशन काल झालंय, ओठांभोवती मुंग्या येतायत म्हणते. तिसऱ्याचा गुडघा बदललाय, दुखणं दहापैकी आठ, बेल सारखी वाजतेय. चौथ्याची जेवणाआधीची साखर १९०. आधी कोणाकडे जाल?

मी ताबडतोब म्हणाले, आजोबांकडे. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. ९० दिसलं, श्वासाचा पेशंट दिसला, टिक केलं.

ड्यूटी बदलताना आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती घेतो, त्याला आम्ही ओव्हर घेणं म्हणतो. सिस्टर म्हणाल्या, “या आजोबांची ओव्हर घेताना तुला कोणी ९० सॅच्युरेशन सांगितलं तर तू काय म्हणशील?”

“म्हणेन, नेहमीसारखंच आहे.”

“मग?”

मग काय. सीओपीडीला ८८ ते ९२ हेच आपण राखतो. ९० म्हणजे आजोबा ठीक आहेत. गुडघा बदललाय, तो दुखणारच. त्याला औषध द्यायचंय, पण त्यात नवीन काही नाही. ओठांभोवतीच्या मुंग्या मात्र नव्या आहेत. थायरॉइड काढताना त्याला चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला की कॅल्शियम उतरतं. आधी मुंग्या येतात, मग हातापायांत गोळे, आणि मग स्वरयंत्र आवळून श्वास बंद होऊ शकतो. श्वासमार्गाचा खरा धोका त्या बाईला होता. ती शांतपणे ‘मुंग्या येतायत’ म्हणत होती, आणि मी आकडा बघून भलतीकडे पळाले होते.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. थायरॉइडच्या पेशंटच्या उशाशी मी कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवलेलं आहे, गालावर टिचकी मारून ओठ उडतो का, ही कॅल्शियम उतरल्याची खूणही बघितलेली आहे. वॉर्डात मी चुकले नसते. परीक्षेच्या खुर्चीत बसले की मी सिस्टर राहत नव्हते, घोकलेला नियम शोधणारी विद्यार्थिनी व्हायचे. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. बाकी सगळं त्यानंतरची घासाघीस.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्न ओव्हर घेतल्यासारखा वाचायचा, असं ठरवलं. या पेशंटचं नेहमीचं काय, आणि बदललंय काय? एप्रिल २०२३पासून परीक्षेत केस स्टडी आल्यात. एका पेशंटची फाइल उघडते आणि तिच्यावर ओळीने सहा प्रश्न येतात: काय खटकलं, त्याचा अर्थ काय, सगळ्यांत आधी कशाची शंका, काय काय करता येईल, काय कराल, आणि उपयोग झाला का. पहिल्या वेळी मी या सहा पायऱ्यांची इंग्रजी नावं पाठ केली होती. दुसऱ्या वेळी लक्षात आलं, की ही तर आपली ओव्हरच आहे.

मग वही. चुकांची वही सगळेच ठेवतात, पण त्यात बरोबर उत्तर लिहितात. बरोबर उत्तर प्रश्नाखाली छापलेलं असतंच, ते उतरवून हात दुखतो, दुसरं काही होत नाही. मी लिहायचे ते चुकीचं उत्तर का निवडलं ते, आणि तेही खरं खरं. “आकडा बघून घाबरले.” “डॉक्टरांना कळवा हा पर्याय दिसला की सुटल्यासारखं वाटतं.” “आधी बरोबर होतं, शेवटच्या क्षणी बदललं.” वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, चालू असलेल्या चार पेशंटच्या वाक्यांतून कोणाला अजून समजावायची गरज आहे ते शोधायचं होतं. मी नेमकं शहाण्यासारखं बोलणारा निवडला आणि ‘डोकं दुखलं तर आयबुप्रोफेन घेईन’ म्हणणारा सोडून दिला; त्या दोन्हींनी मिळून रक्तस्राव होऊ शकतो. त्या पानावर फक्त “प्रश्नच वाचला नाही” एवढंच आहे, दोनदा अधोरेखित. जे तुक्क्याने बरोबर आले तेही मी चुकांतच धरले. तीन आठवड्यांनी वही चाळली तर ‘माहीतच नव्हतं’ असे शेरे मला वाटलं होतं त्याहून फारच कमी निघाले. तेच कमी असावेत हे जरा झोंबलं. अज्ञान बरं असतं, वाचून भरता येतं.

‘डॉक्टरांना कळवा’बद्दल थोडं. ते नेहमी चूक असतं असंही कुठे कुठे शिकवतात, ते खोटं आहे. पेशंटसाठी आपल्या हातात काही करण्यासारखं उरलंय का, तपासायचं काही राहिलंय का, हे बघायचं. औषधाची रिअॅक्शन दिसली आणि ड्रिप चालूच असेल, तर आधी ड्रिप बंद, फोन नंतर. पण तपासून झालंय, करण्यासारखं करून झालंय, आणि पेशंट उतरतोय, तर फोन हेच उत्तर.

कामं वाटून देण्याचे प्रश्न मला सगळ्यांत जड गेले. मी जिथे काम केलं तिथे सिस्टरच बेड लावते, तीच इंजेक्शन देते आणि तीच नातेवाइकांना समजावते. एनक्लेक्सच्या हॉस्पिटलात माणसं भरपूर असतात. रजिस्टर्ड नर्स, तिच्या हाताखाली प्रॅक्टिकल नर्स, आणि सहायक. तपासणं, शिकवणं आणि परिणाम झाला का ते ठरवणं रजिस्टर्ड नर्सने स्वतःकडे ठेवायचं. जेवण भरवणं सहायकाला देता येतं. पण नुकताच पॅरालिसिसचा झटका आलाय, गिळायला त्रास होतोय, अशा पेशंटला भरवणं नाही, कारण तिथे घासाघासाला बघावं लागतं. या हॉस्पिटलात सामान संपत नाही, एका वेळी दोन बेल वाजल्या तरी कोणाची ड्यूटी वाढत नाही. सुरुवातीला मी चिडायचे. नंतर त्याला परदेशातला वॉर्ड समजून तिथले नियम पाळायला लागले.

नोट्सच्या बाबतीत एक सावध करते. मैत्रिणीच्या जुन्या नोट्स माझ्याकडे होत्या, त्यात ‘लागू असतील ते सगळे निवडा’ या प्रश्नांना एक जरी चुकला तरी शून्य, असं लिहिलेलं. २०२३पासून तसं नाही, अर्धवट बरोबर उत्तरालाही गुण आहेत, पण त्यात चुकीची टिक केली तर गुण कापतात. भीतीने एकच निवडणंही वाया आणि उगाच सगळं निवडणंही वाया. मी पहिल्या खेपेला दोन्ही केलं होतं.

रोज किती प्रश्न सोडवले, हेही विचारता. आधी शंभर सोडवायचे, दुसऱ्या वेळी चाळीस, आणि त्या चाळिसांचं वाचन सोडवण्यापेक्षा जास्त वेळ चालायचं. नाइटनंतर अभ्यास केला नाही. झोपेत केलेल्या चुका वहीत लिहून काही कळत नाही. दर रविवारी मात्र एकदम पाऊणशे-शंभर, मधे न उठता, कारण सत्तरीनंतर मी प्रश्न अर्धाच वाचते हे वहीनेच दाखवलं होतं. त्यावर सापडलेला उपाय अगदी साधा: पुढचा प्रश्न आला की हात माउसवरून काढून मांडीवर ठेवायचा, आणि वाचून होईपर्यंत परत न्यायचा नाही.

दुसऱ्या परीक्षेत ८५ गेले, शंभर गेले. मागे जाता येत नाही, दिलेलं उत्तर बदलता येत नाही, त्यामुळे करण्यासारखं तेवढंच होतं: हात मांडीवर, वाचा, काय बदललंय ते बघा. ११७ला स्क्रीन बंद झाली. लॉकरमधून पर्स काढत होते तेव्हा शेजारच्या लॉकरपाशी एक मुलगी उभी होती, तीही एनक्लेक्सचीच. तिने विचारलं, “तुमचे किती झाले?”

“११७.”

“अरेरे,” ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. “माझं ८५ला बंद झालं.”

तिने फोन चालू केलेला होता आणि कोणाला तरी लावतही होती. मी पर्स खांद्याला लावली आणि तिचा फोन लागायच्या आत दाराबाहेर पडले.