एक चित्रपुस्तक, चार इयत्ता आणि सत्तरीतला पाऊस

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीची मुलं एकाच खोलीत बसतात. पट कमी, शिक्षिका मी एकटीच. पहिलीला अक्षरं गिरवायला दिली की तिसरी रिकामी, चौथीचं गणित काढलं की दुसरीत भांडणं. त्यामुळे चारही इयत्तांना एकत्र धरून ठेवील अशा गोष्टीच्या मी कायम शोधात असते. यंदा जूनमध्ये ती मिळाली. हवामानावरचं एक चित्रपुस्तक, पानभर चित्रं आणि खाली जेमतेम एक-दोन ओळी. ऊन, वारा, ढग, पाऊस, वीज, वादळी समुद्र, धुकं, बर्फ. चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि चित्रकला यातलं बरंच काही मी या एका पुस्तकावर घेतलं.

पाठ टाचण लिहायला बसले तेव्हा आधी एक गोष्ट ठरवली. विषय पानातून निघाला पाहिजे. ढगाचं पान आलं म्हणून कापूस चिकटवायचा आणि त्याला हस्तकला म्हणायचं, हे मला पटत नाही. कापूस चिकटवताना मूल ढगाकडे एकदाही बघत नाही. त्यापेक्षा खिडकीशी बसवून समोरच्या डोंगरावरचा ढग काढायला सांगावं. आमच्या मुलांनी तसे काढले. करडा रंग कमी पडला, मग काळ्यात पांढरा मिसळून केला. ‘खालून काळा आणि वरून उजळ का?’ हा प्रश्न चित्र काढतानाच आला. दाट ढगातून खालपर्यंत उजेड पोचत नाही म्हणून, एवढं उत्तर तिसरीला पुरलं.

पहिले काही दिवस नुसतं वाचन केलं. मी वाचायची, मुलं चित्र बघायची, पान उलटायच्या आधी पुढे काय असेल ते सांगायची. कन्नड बोलणाऱ्या घरातली पहिलीतली एक मुलगी तोवर तोंड उघडत नव्हती. वाऱ्याच्या पानावर उडालेली छत्री दिसली आणि ती उठून हातवारे करत तिची छत्री कशी उलटी झाली ते सांगू लागली. अर्धं कन्नड, अर्धं कोंकणी, मधे मराठी. त्या दिवसापासून ती बोलते. चौथीच्या मुलांना मी आकाशवाणीवरच्यासारखं रोजचं हवामान वृत्त लिहायला लावलं आणि परिपाठात वाचायला दिलं. पाच-सहा वाक्यंच, पण खरी. ‘काल मुसळधार पाऊस पडला’ असं कुणी वाचलं की बाकीचे विचारायचे, ‘किती?’

या ‘किती’पायी पावसाचं पान आमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस उघडं राहिलं. आम्ही पर्जन्यमापक केला. शीतपेयाची दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घेतली, वरचा निमुळता भाग कापला आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला. बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो, म्हणून तळात खडी घालून ती बुडेपर्यंत पाणी ओतलं, त्या पातळीला शून्याची रेघ मारली आणि तिथून वर मोजपट्टी चिकटवली. बाटली ठेवली पटांगणाच्या मधोमध, चार चिऱ्यांच्या आधाराने. छपराच्या पागोळ्यांखाली किंवा झाडाखाली ठेवली तर आकडा खोटा येतो, हे मुलांनी दोन बाटल्या दोन ठिकाणी ठेवून स्वतःच बघितलं. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, म्हणून आमचीही वेळ साडेआठ. वाचणाऱ्याने गुडघ्यावर बसायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा, मग पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत ओतून टाकायचं. पहिली-दुसरीने त्याच तक्त्यावर छत्री, ढग किंवा सूर्याचं चित्र चिकटवायचं आणि आठवड्याच्या शेवटी मोजायचं. तिसरी-चौथीने स्तंभालेख काढायचा.

एका सकाळी पट्टीवर सत्तर मिलिमीटर भरले. ‘टीचर, पावस वाडलो!’ म्हणत दोघं भिजतच आत आले. सत्तर म्हणजे नेमकं किती, हे मात्र कुणालाच उमगत नव्हतं. मग व्हरांड्यात खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखला, त्यात एक लिटर पाणी ओतून झाडूने पसरवलं. फरशी नुसती ओली झाली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मग सत्तर मिलिमीटर म्हणजे त्याच चौकोनावर सत्तर लिटर, पंधरा लिटरच्या पाच बादल्यांना थोडं कमी. चौथीच्या मुलांनी वर्गाची लांबी-रुंदी मोजली, आठ मीटर बाय सहा. छप्पर तेवढंच धरून गुणाकार केला आणि ३,३६० लिटर हा आकडा फळ्यावर आला. क्षेत्रफळाचा धडा मी वेगळा घेतलाच नाही.

घरी रेड अलर्ट, ऑरेंज अलर्ट हे शब्द मुलं ऐकतच असतात. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस. हे टप्पे बाटलीवर रंगीत चिकटपट्टीने दाखवले. आमचे सत्तर पहिल्या टप्प्यात बसले. शेवटच्या टप्प्याला आमची बाटलीच पुरणार नाही हेही लक्षात आलं आणि दशांश चिन्हाची ओळख झाली.

पुढचा प्रश्न चौथीतल्या मुलाचा. मामाच्या गावाला, पणजीजवळ, इतका पडत नाही, मग आमच्याकडेच का? गोव्याचा नकाशा जमिनीवर पसरला. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मधे आपण. बाष्पाने भरलेला वारा समुद्रावरून येतो, डोंगर आडवा आला की वर चढतो, वर थंडी असते, बाष्पाचे थेंब होतात. सत्तरीतल्या वाळपईचा पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्त असतो तो यामुळे. स्टीलच्या पेल्यात बर्फाचं पाणी ठेवलं, तर आपल्या दमट हवेत बघता बघता पेला बाहेरून ओला झाला. बाष्पीभवनासाठी तीन ओले रुमाल ठेवले. पंख्याखालचा आधी वाळला, व्हरांड्यातला नंतर, घडी घालून ठेवलेला दुसऱ्या दिवशीही ओलाच.

वादळी समुद्राच्या पानावर मी फार थांबले नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद का असते आणि घरोघरी पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, का भरतात, एवढं बोललो. खारं नुस्तं, म्हणजे खारवलेली मासळी, कसं साठवतात ते मुलांनीच मला सांगितलं.

एका मुलीच्या आजोबांना मी मुद्दाम बोलावलं. ते पंचांग घेऊन आले. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं, प्रत्येकाचं वाहन वेगळं. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ हे मुलांनी त्यांच्याकडून ऐकलं आणि तक्त्यावर तारखांच्या खाली नक्षत्रांची रांग आली. जाता जाता त्यांनी बाटलीकडे बघून विचारलं, ‘टीचर, पडला किती ते कळलं. पण मुरला किती?’ हे माझ्या टाचणात कुठेही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही तळ कापलेले तीन डबे घेतले. एक झाडाखालच्या मातीत रोवला, एक खडकाळ जांभ्यावर आणि एक सिमेंटच्या पायवाटेवर, दोघांना खालून ओल्या चिखलाचा बंद घालून. तिन्हीत तेवढंच पाणी. झाडाखालचं आधी जिरलं, सिमेंटवरचं तसंच उभं. विहिरीला पाणी कुठून येतं यावर त्यानंतर जी चर्चा झाली, ती मला या सगळ्या दिवसांतली सगळ्यात मोलाची वाटते.

बर्फाचं पान आणि चार ऋतूंचं पान हे आमच्या हवामानाचं नव्हतं. बर्फाविषयी मुलांना उत्सुकता होती, म्हणून ते ठेवलं. ऋतूंच्या पानाऐवजी आम्ही स्वतःचं चक्र काढलं. काजू आणि फणस, मृगाची पेरणी, जूनमधल्या सांजांव सणाच्या कोपेली (डोक्यावरचे फुलांचे मुकुट), वारुळावरची अळमी (आळंबी), चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीला रानातून आणायची फळं, मग कापणी. त्यातूनच वर्गाचं पुस्तक झालं. प्रत्येकाचं एक पान, चित्र त्याचं, ओळही त्याची. पहिलीच्या ओळी मी त्यांच्या तोंडून ऐकून जशाच्या तशा उतरवल्या आणि त्यांनी त्या खाली गिरवल्या. स्वतःचं वाक्य गिरवायला त्यांना कंटाळा येत नाही.

नोंदींचं म्हणाल तर मी प्रत्येक मुलाच्या वहीत दोनच गोष्टी बघितल्या. आकडा नीट वाचता येतो का, आणि बघितलेलं स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का. अध्ययन निष्पत्तीच्या तक्त्यात ते भरताना अडचण आली नाही. खर्च चिकटपट्टी आणि कार्डशीटपुरताच. सुट्टीनंतर पावसाची बाटली ठेवून देऊन तापमापी लावायचा विचार आहे. सकाळचं आणि दुपारचं तापमान, त्यांची वजाबाकी. पुस्तकातलं धुक्याचं पान अजून उघडायचं आहे, ते थंडीत घेईन.