तुम्ही विचारलंत म्हणून: मग तिथेच का नाही राहिलीस?

इथे न्यू जर्सीत गणपतीच्या प्रसादाचा द्रोण हातात पडतो न पडतो तोच कुणीतरी विचारतं, "तुमच्या फील्डमध्ये कुठल्या स्टेटला जास्त मिळतात हो?" मिरजेची आत्या फोनवर तेच विचारते, फक्त तिचं माप वेगळं. "महिन्याला किती पडतात गं?" मी सांगते. मग दुसरा प्रश्न येतो, आणि मनातला खरा प्रश्न तोच असतो. आयोवात एवढं मिळत होतं, खर्चही नव्हता, मग तिथेच का नाही राहिलीस?

सहा वर्षं मी एकच ठरलेलं उत्तर देते: मुलासाठी. आईपणापुढे कुणी वाद घालत नाही, विषय तिथेच मिटतो. उत्तर खोटं नाही, पण जितकं सरळ ऐकू येतं तितकं सरळ नाही. आज पूर्ण सांगते.

आधी आकडे, नाहीतर पुढचं कुणी वाचणार नाही. मी भूल देणारी नर्स आहे. आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात, त्यामुळे आत्याला आजही वाटतं की मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, डॉक्टरांच्या हाताखाली सिरिंजा भरून देते. अमेरिकेत आमच्या कामाचा मधला पगार, म्हणजे निम्म्या लोकांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त, मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत वर्षाला २,२३,२१० डॉलर होता. कृपा करून त्याला लगेच रुपयांनी गुणू नका. गुणायचंच असेल तर माझं घरभाडंही गुणा.

महागाई जास्त तिथे पगार जास्त, असा सगळ्यांचा समज असतो. तो अर्धाच खरा. टेनेसी, फ्लोरिडा या बाजूला भूल शिकवणाऱ्या संस्था भरपूर. मुलं तिथेच शिकतात, तिथेच लग्न करतात, आणि माणसं मिळत राहिली की पगार मागे पडतात. मोंटाना-डकोटाच्या बाजूला घरं स्वस्त, तरी पगार तगडे, कारण जायला कुणी तयार नसतं. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही म्हणून लोक खूश होतात. कॅलिफोर्नियात माझ्या पगाराच्या वरच्या थराला ९.३ टक्के राज्याचा कर लागायचा, केंद्राचा वेगळा. हल्ली पोरी एजन्सीच्या जाहिराती पाठवतात, तासाला दोनशे डॉलर वगैरे. अगं, त्यात रजा नाही, आजारपणाचा विमा नाही, आणि स्वतःचा धंदा म्हणून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनचे आणि आरोग्यविम्याचे, १५.३ टक्के मालकाचा वाटा धरून तुम्हीच भरायचे. हे सांगितलं की पलीकडून नुसता अंगठा येतो.

हे सगळं मला २०१७ मध्येही माहीत होतं. तेव्हाची मी आजच्या माझ्यापेक्षा हिशोबात जास्त पक्की होते, हीच तर गंमत. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात होतो. नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी, माझा पगार २ लाख ५ हजार, दोन खोल्यांच्या घराचं भाडं महिन्याला ३,२००, आणि भूल शिकताना अठ्ठावीस महिने पगाराविना काढल्याचं कर्ज अजून फिटायचं होतं. तेवढ्यात आयोवातल्या एका छोट्या गावाहून बोलावणं आलं. मूळ पगार १ लाख ९० हजार, ऑन-कॉलचे, म्हणजे घरून हाकेला धावायच्या ड्यूटीचे, वेगळे, आणि सही केल्याबद्दल ३० हजार बोनस.

मी एक्सेल उघडलं. इथलं सरकार राज्याराज्यांच्या किमतींचा निर्देशांक काढतं. देशाची सरासरी शंभर धरली तर कॅलिफोर्निया दहा-पंधरा वर, आयोवा दहाएक खाली. भागाकार केला, तर कॅलिफोर्नियाचे दोन लाख पाच १ लाख ८० हजारांच्या घरात उतरले आणि आयोवाचे एक लाख नव्वद २ लाख १० हजारांवर चढले. वर बसल्या जागी वर्षाला ३० हजारांचा फरक, बोनस वेगळाच. नवरा म्हणाला, "आणि मी?" मी म्हटलं, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, महिन्यातून एकदा विमानाने येत जा. विमानाच्या तिकिटासाठी मी त्या एक्सेलमध्ये ओळ टाकली होती. खरंच टाकली होती.

पैशासाठीच गेले, असंही म्हणू नका. बे एरियात मी मोठ्या हॉस्पिटलात होते. तिथे एक भूलतज्ज्ञ डॉक्टर चार-चार ओट्या सांभाळतो, प्रत्येक ओटीत आमच्यापैकी एकजण. भूल चढताना तो येतो, उतरताना येतो, मधे फोनवर असतो. वाईट काहीच नाही त्यात. पण आयोवा हे २००१ साली भूल देणाऱ्या नर्सवर डॉक्टरची देखरेख हवीच, या मेडिकेअरच्या अटीतून बाहेर पडलेलं पहिलं राज्य. तिथल्या खेड्यांत भूलतज्ज्ञ नसतोच, भूल म्हणजे आम्हीच. आणि हॉस्पिटल लहान असेल, भूल लागणाऱ्या शस्त्रक्रिया वर्षाला ८०० हून जास्त नसतील, तर आमच्या पगारातला आपला वाटा मेडिकेअर प्रत्यक्ष खर्चाच्या हिशोबाने भरून देऊ शकतं. एवढ्याशा गावाला माझा पगार परवडायचा तो असा. मला ते आवडलं होतं. ओटीत शिरल्यावर सर्जन विचारायचा, "तुझं काय म्हणणं?" मिरजेच्या नर्सिंग होस्टेलातून निघालेल्या मुलीला हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या ऑन-कॉलची एक अट होती. बोलावणं आल्यापासून अर्ध्या तासात हजर. माझं घर हॉस्पिटलपासून सात मिनिटांवर. रात्री बोलावणं आलं तर शेजारच्या आजी येऊन मुलाजवळ झोपायच्या. दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं.

२०१९ च्या फेब्रुवारीत आयोवात बर्फ थांबतच नव्हता. त्या रात्री आजींना फ्लू होता आणि मला ते दुपारीच कळलं होतं. दुपारीच कळलं होतं, हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी बदली माणूस मागायला हवा होता. मागितला असता तर दुसरी भूल देणारी सत्तर मैलांवरून त्या बर्फात आली असती, आणि माझे ऑन-कॉलचे पैसे तिला गेले असते. आज काही होणार नाही, असं स्वतःला सांगून मी वरणभाताचा कुकर लावला.

अकरा चाळीसला फोन आला. गरोदर बाई, पस्तिसावा आठवडा, बीपी भयंकर, प्लेटलेट्स ४८ हजार, बाळाचे ठोके पडतायत. मोठ्या हॉस्पिटलला न्यायला हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. मी दहा वर्षांच्या मुलाला झोपेतून उठवलं, पायजम्यावर जाकीट चढवलं, गाडीत बसवलं. स्टाफरूमच्या सोफ्यावर त्याला झोपवलं आणि ओटीत पेशंटसाठी पांघरुणं गरम ठेवायचं कपाट असतं, त्यातलं एक आणून अंगावर घातलं. गरम पांघरूण मिळाल्यावर तो हसला. "आई, टोस्टसारखं आहे." मी दार ओढून घेतलं.

प्लेटलेट्स इतक्या कमी असताना पाठीतलं इंजेक्शन देता येत नाही, मणक्यात रक्तस्राव व्हायची भीती. म्हणजे पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत नळी. गरोदरपणातल्या या बीपीच्या आजारात घसा आतून सुजतो. औषध दिलं, ती झोपली, मी घशातली वाट पडद्यावर दाखवणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आत घातला, आणि जिथे वाट दिसायला हवी तिथे नुसती गुलाबी सूज. पहिल्यांदा नळी गेली नाही. मॉनिटरचा एक गुण आहे, नजर दुसरीकडे असली तरी तो सांगत राहतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो तसा त्याचा टिंग-टिंग आवाज खालच्या पट्टीत जात राहतो. तो उतरत चालला. चौऱ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याऐंशी. मोठ्या हॉस्पिटलात याच क्षणी मी पाय ठेवल्या जागेवरून ओरडले असते आणि वीस सेकंदांत चार माणसं आत आली असती. इथे सिझेरियन करणारा फॅमिली डॉक्टर सुरी हातात घेऊन माझ्याकडे बघत होता, दोन नर्सा माझ्याकडे बघत होत्या. मी कुणाकडे बघायचं? लहान नळी मागितली, सहा नंबरची, डोकं जरा उचलून घेतलं, आणि ती गेली. कार्बन डायऑक्साइडची चौकोनी रेघ, म्हणजे नळी योग्य जागी बसल्याची खूण, पडद्यावर उमटली तेव्हा मला कळलं की मीही श्वास धरला होता. "काप," मी म्हटलं. इंग्रजीत नव्हे, मराठीत. त्याला कळलं.

बाळ रडलं. मग बाई रक्त सांडू लागली. ते सगळं सांगत नाही. एवढंच की रक्तपेढीच्या नावाने तिथे एक फ्रिज होता, त्यात कुणालाही चालणाऱ्या ओ-निगेटिव्ह रक्ताच्या चार पिशव्या, आणि चारी मी दोन तासांत लावल्या. प्लेटलेट्स तर ठेवतच नव्हते. पुढचं रक्त पोलिसांच्या गाडीतून बर्फातून आलं, साडेतीनला. ती वाचली. बाळही वाचलं.

पण तुम्ही ज्याचं नाव पुढे करून मला माफ करता, तो मुलगा दोनला जागा झाला होता. अनोळखी खोली, कुणी नाही. पांघरूण गार झालेलं. तो कॉरिडॉरमधून चालत ओटीच्या लाल रेषेपर्यंत आला आणि तिथे उभा राहिला, कारण मी त्याला एकदा सांगितलं होतं की ती रेषा कुणी ओलांडायची नाही. दाराच्या काचेतून त्याला जमिनीवरचं रक्त दिसलं आणि त्या रक्तात माझे बूट दिसले. रक्त कुणाचं हे त्याला कुठून कळणार? सफाईवाल्या बाईंनी त्याला पाहिलं तेव्हा तो तिथेच, रेषेच्या अलीकडे, उभा होता. किती वेळ, ते कुणालाच माहीत नाही.

पाचला आम्ही घरी निघालो. गाडीचा हीटर चालू करून काचेवरचं बर्फ वितळायची वाट बघत बसलो होतो. त्याने विचारलं, "आई, आजच्या रात्रीचे तुला किती मिळाले?"

मी हिशोब केला. त्याही वेळी केला. दीडपट दराने पाच तास, साधारण सातशे डॉलर.

"म्हणजे दोन एक्सबॉक्स," तो म्हणाला. टोमणा नव्हता, त्याला खरंच चांगली रक्कम वाटली. मग तो झोपला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मुलासाठीच सोडलंस ना? मीही तेच म्हणत आले. पण तारखा बघा. ही रात्र फेब्रुवारीतली. आयोवा मी सोडलं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. करारात अट होती, दोन वर्षांच्या आत गेलात तर बोनस परत, आणि परत करायचा तो पूर्ण ३० हजार. कर कापून माझ्या हातात आले होते १९ हजार आणि काहीशे. वरचे दहाएक हजार कर परत मिळवताना नाकी नऊ आले असते. मी पाच महिने थांबले. त्या पाच महिन्यांत अठ्ठावीस वेळा ऑन-कॉल केला. आजी बऱ्या झाल्या होत्या, रात्री येऊन झोपत होत्या, आणि मुलगा दर वेळी अंथरुणात जागा राहून माझ्या गाडीची वाट बघत होता, हे आजींनी मला जूनमध्ये सांगितलं. जूननंतरही मी महिनाभर थांबले.

२०१७ ची मी इथे मधेच बोलते. म्हणते, कर्ज कुणी फेडलं? मुलाच्या कॉलेजचा फंड कुठून आला? त्या रात्री तू तिथे नसतीस तर ती बाई मेली असती, हे का नाही सांगत लोकांना? मला तिला उत्तर देता येत नाही. कर्ज त्याच दोन वर्षांत फिटलं, हे खरंच. बाईचं मात्र खात्रीने म्हणता येत नाही, कारण दुपारीच बदली मागितली असती तर तिथे दुसरी कुणीतरी असती. कदाचित तिने पहिल्याच वेळी नळी टाकली असती. कदाचित ती बर्फात अडकली असती.

आता इथे चार ओट्यांमागे एक डॉक्टर आहे. सर्जन मला काही विचारत नाही, भूलतज्ज्ञाला विचारतो. पगार आयोवापेक्षा आकड्याने बराच जास्त, घराच्या हप्त्यात आणि मालमत्ता करात बराचसा जातो. नवरा रोज घरी जेवतो. मुलगा सतरा वर्षांचा आहे, वैद्यकीय क्षेत्राचं नाव काढलं तर खोलीबाहेर जातो. तो आधीपासूनच तसा होता की त्या रात्रीपासून, हे मला विचारू नका. त्याला तर मी विचारलेलंच नाही.

मिरजेची भाची बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने नकाशाचा फोटो पाठवला, नेब्रास्कावर गोल करून. "मावशी, इथे जास्त मिळतात आणि राहणं स्वस्त आहे, बरोबर?" बरोबर, मी लिहिलं. पुढे बरंच टाइप केलं आणि पुसलं.

गेल्या महिन्यात त्या गावातल्या ओटीच्या नर्सचा फोन आला होता. माझ्या जागेवर आलेलीही गेली, जागा पुन्हा रिकामी आहे, बोनस आता खूप मोठा देतात. मी येईन का? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. विचारलं, फ्रिजमध्ये ओ-निगेटिव्हच्या पिशव्या किती ठेवता आता?

"सहा," ती म्हणाली.